कुठलं मोहगाव?

मे 2025 च्या शेवटच्या आठवड्यात पेपरात एक बातमी आली. पेपर आमच्याकडे नागपूरहून येतो, म्हणजे बातमी नवी असली तरी बसनं धक्के खात येते. बातमी अशी की डाक विभागानं 27 मे रोजी ‘डिजिपिन’ नावाची पत्त्याची नवी पद्धत सुरू केली. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीनं सगळ्या देशाची जमीन चौकोनांत वाटली आहे. एकेक चौकोन साधारण चार मीटर लांब, चार मीटर रुंद. प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा पत्ता. डोंगर असो, शेत असो, तळं असो, चौकोन आहे म्हणजे पत्ता आहे.

मुलगा पुण्याला असतो. त्यानं दुपारी फोनवर त्याची लिंकच पाठवली. म्हणाला, “आई, आपल्या घराचा काढून बघ.”

आमचं घर जुन्या पद्धतीचं, लांबट. पुढे ओसरी, मग बैठक, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागं न्हाणी, त्याच्यामागं पूर्वीचा गोठा आणि विहीर. मी फोन हातात घेऊन ओसरीपासून निघाले. बैठकीत पत्ता बदलला. माजघरात बदलला. देवघरात भगवंतांचा वेगळा, स्वयंपाकघरात माझा वेगळा. गंमत म्हणजे मी एका जागी उभी राहिले तरी तो बदलत होता, कारण कौलाखाली फोनलाच नक्की कळत नव्हतं आपण कुठं आहोत. वरच्या माडीचा मात्र खालच्यासारखाच निघाला, कारण या चौकोनांना लांबी-रुंदी आहे, उंची नाही. म्हणजे सरकारच्या लेखी माझ्यात आणि माडीवर राहणाऱ्या धाकट्या जाऊबाईंच्यात काही अंतर नाही. हे त्यांना सांगायला हवं.

ह्यांना सांगितलं तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “मग चहा कोणत्या पत्त्यावर पाठवतेस?”

हसून झालं. मग संध्याकाळी निवडायला तांदूळ घेऊन बसले, आणि मला आईंचं कार्ड आठवलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. ते कार्ड आठवलं आणि पुन्हा काही हसू येईना. त्या कार्डासाठी हे लिहायला घेतलं आहे. पण त्याच्याआधी पत्त्याची थोडी जुनी हकीकत सांगायला हवी, नाहीतर त्या कार्डाचं काय झालं ते समजणार नाही.

हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं 1 जुलै 1879 रोजी. किंमत पाव आणा. त्याच्याआधी पत्र ही शिकलेल्यांची आणि पैसेवाल्यांची गोष्ट होती. कार्डानं ती सगळ्यांची केली. लिहिता येत नसलं तरी लिहून देणारा मिळे, वाचता येत नसलं तरी पोस्टमन वाचून दाखवी. कार्ड उघडं असे, त्यामुळे गावात कोणाकडं काय आलं हे घरच्यांच्या आधी दोनचार जणांना कळे. आज आपण खासगी माहिती बाहेर जाते म्हणून ओरडतो. आमच्या आजेसासऱ्यांच्या काळात खासगी असं काही नव्हतंच. पोस्टमन दुरूनच ओरडून सांगे, “मुलगा झाला!”

एका कार्डाचं मात्र तो ओरडून सांगत नसे. मृत्यूची बातमी असली की कार्डाचा एक कोपरा फाडलेला असे. कोपरा फाटका दिसला की वाचायच्या आधीच बायका पदर तोंडाला लावत. असलं कार्ड घरात नेत नसत. बाहेरच वाचायचं, फाडायचं, आंघोळ करायची. तारेचंही तसंच. तारेत नोकरीचा हुकूमही येई, पण गावात ‘तार आली’ म्हटलं की आधी रडणं सुरू होई, मग वाचणं. ती तारसुद्धा जुलै 2013 मध्ये बंद झाली. त्या शेवटच्या दिवशी शहरांतली तरुण मुलं आठवण म्हणून एकमेकांना तारा करत होती, असं वाचलं होतं. आमच्या घरात तारेची आठवण म्हणून कोणी तार केली असती तर आजेसासूबाईंनी त्याला घरात घेतलं नसतं.

आता पत्ता. कार्डावर पत्ता असा असे: मु. पो. मोहगाव, तहसील सौंसर, जिल्हा छिंदवाडा. मुक्काम आणि पोस्ट. लिहिणाऱ्याला वाटे एवढं पुष्कळ झालं. त्यातही लांबचा माणूस तहसील गाळी, कोणी जिल्हाही गाळी. आपलं गाव जगात एकच आहे असं प्रत्येकालाच वाटत असतं, आणि आपल्या बहिणीचं गाव तर नक्कीच एक.

पण मोहगावाचं तसं नाही. सातपुड्यात मोहाची झाडं कमी आहेत का? जिथं मोह, तिथं मोहगाव. मंडला जिल्ह्यात एक मोहगाव आहे, ते तर विकासखंडाचं ठिकाण. शिवनीवरून नागपूरला येताना एक मोहगाव लागतं. बालाघाटकडेही आहे. आमच्या मोहगावाला लोक मोहगाव हवेली म्हणतात, ते उगाच नाही. बाकीच्या मोहगावांपासून वेगळं काढायला काहीतरी शेपूट लावायलाच हवं होतं.

त्यात 1956 साल आलं. त्याच्याआधी आम्ही सगळे एकाच प्रांतात. इंग्रजांच्या वेळी त्याचं नाव मध्य प्रांत आणि वऱ्हाड, 1950 पासून मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. छिंदवाडा त्यातच, अकोला त्यातच. आई कारंज्याच्या. आता कारंजा वाशिम जिल्ह्यात आहे, तेव्हा अकोल्यात होतं. 1955 साली त्यांचं लग्न झालं तेव्हा माहेर आणि सासर एकाच सरकारच्या हाताखाली होतं. पुढच्याच वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची फेरवाटणी झाली. नागपूर आणि विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो. राहिलो म्हणजे काय, आम्ही जिथं होतो तिथंच होतो. राजधानी तेवढी नागपूरहून उठून भोपाळला गेली. घरात मराठी, बाजारात मराठी, कचेरीत हिंदी. आई सांगत, “माह्यं लग्न झालं तवा मी परदेशी नोती. वर्षभरानं झाली.”

आता कार्ड.

1968 च्या डिसेंबरात, 8 तारखेला, रविवारी, कारंज्याला आईंचे वडील वारले. घरात कर्ता म्हणावा असा एकच मुलगा, आईंचा धाकटा भाऊ, अठरा वर्षांचा. शेजारच्या एका गृहस्थांनी बसून वीसेक कार्डं लिहिली, कोपरे फाडले, सोमवारी डब्यात टाकली. मुलीकडं तार करायला हवी, असं तिथं चारपाच जणांना वाटलं, आणि ती दुसऱ्यानं केली असेल असंही चारपाच जणांना वाटलं. तार कोणीच केली नाही. कार्ड तेवढं निघालं. त्यावर पत्ता होता: मोहगाव, मध्य प्रदेश.

ते कार्ड आमच्या ओसरीवर आलं 26 डिसेंबरला. अठराव्या दिवशी. तेरावा होऊन गेला होता. आईंना वडिलांचं शेवटचं तोंड दिसलं नाही, दिवसांना जाता आलं नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या दिवशी तिकडं वडील गेले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांनी इकडं चुलत नणंदेच्या डोहाळजेवणात गाणी म्हटली होती. ही गोष्ट त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. त्या मला म्हणाल्या होत्या, “मी गात होती न् तिकडं...” आणि पुढं बोलल्या नव्हत्या.

कार्डावर लिहिणाऱ्यानं तारीख घातली होती, 9 डिसेंबर. आईंनी ती वाचली आणि मनाशी निकाल दिला: भाऊ विसरला. तेरावा झाल्यावर आठवण आली, मग कार्ड लिहिलं आणि त्यावर जुनी तारीख घातली. बहिणीला बोलवायचं नव्हतं, म्हणून हे केलं. पुढच्या राखीला भाऊ आला तर त्याला पाटावर बसवलं, राखी बांधली, जेवू घातलं, पण त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो म्हणाला, “ताई, कार्ड टाकलं होतं.” आई म्हणाल्या, “आलं ना. आलं.” एवढंच. मग त्याचं येणं कमी झालं. मग बंद झालं.

असलं कार्ड फाडून टाकायचं असतं. आईंनी फाडलं नाही. घरातही आणलं नाही. गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत घालून गोठ्याच्या वाशाशी खोचून ठेवलं. अडगळीत ठेवलं, पण ठेवलं. राग असाच ठेवतात बायका. घरात दिसू द्यायचा नाही आणि टाकूनही द्यायचा नाही.

मी 1991 साली या घरात लग्न होऊन आले. माझं माहेर काटोलचं, नागपूर जिल्ह्यातलं, बीए झालेली. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गोठ्याची कवेलू फेरायला माणसं आली आणि वरून ती डबी पडली. मी उघडली. आई धावत आल्या. म्हणाल्या, “ठेव ते. असं हाती घेऊ नये.” पण मी तोवर वाचत होते. मजकूर नाही, तो चार ओळींचा होता. मी शिक्के वाचत होते.

कार्डावर एक शिक्का असतो असं आपल्याला वाटतं. त्यावर तीन होते. पहिला कारंज्याचा, 9 डिसेंबर. म्हणजे तारीख खरी होती. शेवटचा आमचा, 26 डिसेंबर. आणि मध्ये एक अर्धवट उमटलेला, इंग्रजीत, 16 डिसेंबरचा. मोहगाव, आणि त्याच्याखाली मंडला. त्या शिक्क्याशेजारी कोणीतरी पेन्सिलीनं, तिरकं, दोनच शब्द लिहिले होते, इंग्रजीत: ट्राय छिंदवाडा.

आई चौथीपर्यंत शिकलेल्या, मराठी शाळेत. इंग्रजी शिक्का त्यांना वाचता येत नव्हता. घरात वाचता येणारे पुरुष होते, पण त्यांना त्या कधी विचारणार? आणि शिक्का वाचायचा असतो हे कोणाला सुचणार? मी त्यांना वाचून दाखवलं. कारंजा, नऊ. मंडला, सोळा. आपलं, सव्वीस. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, “चूक त्याची नोती. माहीबी नोती. मंग चोवीस वर्सं रुसली कोनावर मी?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बीएला हे शिकवत नाहीत.

त्या कार्डाचा प्रवास मी पुष्कळदा मनात करून पाहिला आहे. कारंज्याहून मूर्तिजापूरला जायला तेव्हा शकुंतला होती, ती लहान रुळांची गाडी. तिथून मोठ्या लाइनीनं नागपूर. नागपूरहून पुन्हा लहान रुळांची गाडी निघे, सावनेर, सौंसर, छिंदवाडा करत; तेच लहान रूळ पुढं नैनपूर करून मंडल्यापर्यंत गेले होते. कार्ड त्याच गाडीनं गेलं असेल तर ते सौंसर स्टेशनावरून, आमच्या तहसीलाच्या फलाटावरून, न उतरता पुढं गेलं असेल. आईंच्या दारापासून काही कोसांवरून. त्या गाड्याही आता नाहीत. आमची लहान गाडी 2015 च्या अखेरीला रुंद रुळांसाठी बंद झाली.

हे जे आईंचं झालं, ते एकट्या आईंचं नव्हतं. एकाच नावाची गावं, अर्धे पत्ते आणि पंधरा भाषांतलं हस्ताक्षर, यात देशभर पत्रं भटकत होती. त्यावर उपाय काढला तो एका मराठी माणसानं, आणि तोही संस्कृतच्या पंडितानं. श्रीराम भिकाजी वेलणकर. कोकणातले, संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहिणारे, आणि डाक-तार खात्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या योजनेतून 15 ऑगस्ट 1972 रोजी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, पिनकोड सुरू झाला. सहा आकडे. पहिला आकडा देशाच्या विभागाचा, दुसरा पोटविभागाचा, तिसरा पत्रं निवडण्याच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. देशाचे आठ विभाग, आणि नववा सैन्याचा.

आता गंमत पाहा. आमच्या विभागाचा आकडा 4. महाराष्ट्र 4, गोवा 4, मध्य प्रदेशही 4. नागपूरचा पिन 44 नं सुरू होतो, आमचा 48 नं. 1956 साली राज्यं वेगळी केली, 1972 साली वेलणकरांनी आम्हाला पुन्हा एका आकड्याखाली बसवलं. त्यांच्या मनात मराठी माणसं जोडायचा विचार होता असं मी म्हणत नाही. त्यांनी डाकेची सोय पाहिली. पण सरकारनं आमच्यासाठी काढलेल्या सगळ्या रेघांमध्ये ही एकच रेघ आमच्या आणि नागपूरच्या मधून गेली नाही, म्हणून मला ती आवडते.

आणखी एक. आमचा पिन 480 नं सुरू होतो, मंडल्याचा 481 नं. एका आकड्याचा फरक. तो आकडा चार वर्षं आधी आला असता, तर कार्ड आठवडाभरात आलं असतं. आई तेराव्याला पोचल्या असत्या. भाऊ-बहिणीची चोवीस वर्षं वाचली असती. नव्या यंत्रांची थट्टा करायची मला सवय आहे. पण हे मला विसरता येत नाही. एक आकडा कमी पडला की माणसाचं काय होतं, हे आमच्या गोठ्यात पत्र्याच्या डबीत होतं.

वेलणकरांनी जोडलं, ते मोबाइलनं पुन्हा तोडलं. फोन कंपन्यांचा नकाशा वेगळा. त्यांच्या लेखी महाराष्ट्र-गोवा एक सर्कल, मध्य प्रदेश-छत्तीसगड दुसरं. छत्तीसगड 2000 साली वेगळं राज्य झालं, पण फोनच्या नकाशात ते अजून आमच्याच घरात. आणि काटोल, जिथून संत्र्यांचे ट्रक आमच्या ट्रकांच्या मागंपुढं धावतात, ते परकं. माहेरी गेलं की रोमिंग लागे. आलेला फोन उचलला तरी पैसे जात. बाबांना नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी पंधरा दिवस तिथं होते. घरून फोन आला की दोनदा वाजू देऊन कापायचं, आणि खाली जाऊन पीसीओवरून लावायचा. लग्न झालेली मुलगी माहेरी पाहुणी असते, असं आपल्याकडं म्हणतातच. कंपनीनं त्याचा दर ठरवला, मिनिटाला इतके. सीमेजवळच्या शेतात उभं राहिलं की फोन कधी इकडचा टॉवर पकडे, कधी तिकडचा, आणि दर वेळी स्वागताचा निरोप येई. एका धुऱ्यावर एका सकाळी माझं दोन राज्यांनी तीनदा स्वागत केलं आहे. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, मग थोड्याच महिन्यांत बाकीच्यांनीही रोमिंगचे पैसे घेणं सोडलं, आणि काटोल पुन्हा माझं माहेर झालं.

मध्ये आधार आलं होतं. पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना दिलं गेलं. म्हणजे पिनकोड मराठी माणसाच्या डोक्यातून आला आणि आधार मराठी गावातल्या बाईच्या हातात पहिल्यांदा पडलं. आमच्या आधारवर जिल्हा छिंदवाडा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा नवा पांढुर्णा जिल्हा झाला. आता अर्जावर जिल्हा पांढुर्णा लिहिला की खिडकीवरचा मुलगा म्हणतो, कार्डवर छिंदवाडा आहे. छिंदवाडा लिहिला की दुसऱ्या खिडकीवर म्हणतात, मॅडम, जिला बदल गया है. पुन्हा एकदा, न हलता.

आणि मागच्या वर्षी मला एक निरोप आला. फोनवर, इंग्रजीत. तुमचं पार्सल गोदामात आलं आहे, पत्ता अपुरा असल्यानं पोचवता येत नाही, अठ्ठेचाळीस तासांत खालच्या लिंकवर पत्ता पूर्ण करा, नाहीतर परत जाईल.

असे निरोप डाकखात्याच्या नावानं चोर पाठवतात, त्यावर क्लिक करू नका, असं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं वेळोवेळी सांगितलं आहे. मी ते वाचलेलं होतं. माझ्या दोन मैत्रिणींना मीच ते समजावून सांगितलं होतं. तरी मी ती लिंक उघडली. कारण ‘पत्ता अपुरा’ हे दोन शब्द दुसऱ्या घरात नुसते शब्द असतील, आमच्या घरात नाहीत. माझ्या डोळ्यांपुढं पत्र्याची डबी आली. मी नाव भरलं, पिन भरला, घर नंबर भरला. पुढं पंचवीस रुपये भरायला सांगितलं, आणि त्यासाठी बँकेच्या कार्डाचा नंबर. ह्यांचं कार्ड आणायला उठले.

उठता उठता थांबले, ते हुशारीनं नाही. माझ्या मनात आलं, पत्ता अपुरा म्हणतो, आणि कुठलं मोहगाव ते विचारत नाही. खरंच ज्याच्या हातात माझं पार्सल असतं त्यानं पहिलं तेच विचारलं असतं. मंडल्याच्या त्या माणसानं विचारलं होतं.

त्या माणसाचा मी बराच विचार केला आहे. त्याचं नाव आम्हाला कधी कळणार नाही. त्याच्या समोर फाटक्या कोपऱ्याचं कार्ड आलं. गावात त्या नावाची बाई नाही. परत पाठवायचं तर पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. टाकून दिलं असतं तर कोणी विचारलं नसतं. त्यानं पेन्सिल उचलली आणि लिहिलं, छिंदवाड्याला बघा. मराठी नावं पाहून त्याला वाटलं असेल की हे तिकडचं असावं. पत्ता अपुरा होता. पुरा केला त्यानं. उशीर झाला, पण ते दोन शब्द नसते तर आईंना ते कार्ड कधीच मिळालं नसतं, आणि मला ते शिक्के वाचता आले नसते.

म्हणून डिजिपिनबद्दल माझं मत विचाराल तर ते सरळ नाही. एक चांगली बाजू आहे, ती मी आधी सांगते. या दहा अक्षरांत जात नाही. आमच्याकडं पत्ता सांगायचा म्हणजे मोहल्ल्याचं नाव, आणि मोहल्ल्याचं नाव म्हणजे बहुतेक वेळा जात. महाराष्ट्र सरकारला डिसेंबर 2020 मध्ये निर्णय करून वस्त्यांची जातीवरून पडलेली नावं बदलायला घ्यावी लागली. चौकोनाला असलं काही माहीत नाही. त्याला नवऱ्याचं नावही लागत नाही. माझं सगळं आयुष्य पत्त्यावर मी ‘यांच्या घरी’ आहे. स्वयंपाकघराच्या दहा अक्षरांत पहिल्यांदा मी कोणाच्या घरी नाही. रात्री बारा वाजता कोणाला छातीत दुखलं, तर गाडी बरोबर दाराशी येईल, हेही खरं. त्या वेळी मी कोणाला पिंपळाची खूण सांगत बसणार नाही.

पण त्या दहा अक्षरांत गाव नाही. 1956 ला राज्य गेलं, 2023 ला जिल्हा गेला, तरी कार्डावर मोहगाव राहिलं. आता मोहगावही गेलं. आकडे आणि इंग्रजी अक्षरं, त्यात ना मोह ना गाव. चुकलं तर मंडल्याचा तो माणूस काय वाचणार, आणि पेन्सिलीनं काय लिहिणार? चुकणारच नाही, असं मुलगा म्हणतो. म्हणेना. त्याच्या फोननं मागच्या दिवाळीत मिठाईच्या दुकानाऐवजी त्याला स्मशानाच्या फाटकाशी नेऊन उभं केलं होतं. तिथं एका म्हाताऱ्या बाबांनी रस्ता सांगितला.

राहिलं आईंचं. त्या वर्षी, 1992 ला, दशलक्षण संपल्यावर क्षमावाणीला त्यांनी मला कार्ड लिहायला बसवलं. छापील नाही, साधं. क्षमावाणीची छापील कार्डं तेव्हा ढिगानं जात. आज त्याच मजकुराचं फूल फोनवर दोनशे जणांना एका बोटानं जातं. मीही पाठवते, उगाच नाही म्हणणार नाही. ज्यांचं मी काही बिघडवलं नाही त्यांची मी दरवर्षी क्षमा मागते, आणि ज्यांची मागायला हवी त्यांचं नाव यादीत शोधताना बोट पुढं सरकतं. आईंनी त्या दिवशी एकच कार्ड लिहवलं. पुष्कळ वेळ काही सांगेनात. मग म्हणाल्या, “लिही. कार्ड मंडल्याले गेलतं. आज समजलं. ये.”

पत्ता लिहिताना त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. नाव, गल्ली, कारंजा, तालुका, जिल्हा, राज्य, पिन. सहाही आकडे त्यांनी बोटानं मोजले.

मामा आठ दिवसांनी आले. डोक्यावर पांढरे केस. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की ताई घराच्या वाटणीवरून रुसली. वाटणीचा विषय आईंच्या मनातही नव्हता. दोघं ओसरीवर बसून त्या कार्डाकडं पाहत राहिले. मी चहा नेला, तर आईंनी खुणेनं मला थांबवलं आणि म्हणाल्या, “याले दाखव, कुठं कुठं गेलं ते.” मी पुन्हा तिन्ही शिक्के वाचले.

आई 2011 साली गेल्या. मामांना तेव्हा फोन केला. ते रात्रीच पोचले. डबी आता माझ्या कपाटात आहे, घरात. असलं कार्ड घरात ठेवू नये हे मला माहीत आहे. ते ज्या कपाटात आहे त्या चौकोनाचा पत्ताही त्या दिवशी फोननं सांगितला, दहा अक्षरांत. मी तो लिहून घेतला नाही.